सगळ्यात कमी पाण्याचं घर

त्या वर्षी धरण इतकं आटलं की सगळ्या शहराच्या तोंडचं पाणी पळालं. महापालिकेनं कपात जाहीर केली आणि रोज सकाळी लोकांच्या फोनवर एक निरोप यायला लागला. आज कुठल्या भागात पाणी येणार, कुठला रस्ता पाइपसाठी खोदलाय, टँकर कुठल्या चौकात उभा राहणार, आणि शेवटी पाणी जपून वापरा, अशी एक ओळ. लोक आपल्या भागाचं नाव तेवढं शोधायचे आणि फोन खिशात टाकायचे. ड्रायव्हरकाका मात्र तो निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. तेही मोठ्यानं, कारण दिवसभरात तोंड उघडायची तेवढीच एक संधी असायची. वाचून झालं की खाली उत्तर लिहायचे, ‘बरं.’

ड्रायव्हरकाकांनी उभी हयात शहराची बस चालवली होती. त्यांच्या डोक्यावर पाटी असायची, ‘चालकाशी बोलू नये’. प्रवाशांनी बाकीचे नियम पाळले नसतील, पण हा एक अगदी मनापासून पाळला. त्याचं काकांना कधी वाईट वाटलं नाही. घरी गेल्यावर बायको बोलायची. बाजारात कोण भेटलं, कोणाच्या सुनेनं काय सांगितलं, दूधवाला कसा तोऱ्यात असतो, सगळं. ती बोलायची आणि काका ‘हं’ म्हणायचे. दोघांचं छान जमलं होतं. मग ते निवृत्त झाले, आणि आता जरा निवांत ऐकू म्हणेपर्यंत ती गेली. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं.

मुलगी परदेशात होती. रविवारी तिचा फोन यायचा.

“बाबा, जेवलात का?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

“नेहमीचंच.”

नेहमीचं म्हणजे पाव आणि केळं. तेही उभ्यानं, ओट्यापाशी, पावाच्याच कागदावर ठेवून. खाऊन झालं की कागदाचा बोळा करून टाकायचा. ताट नाही, घासणं नाही. शर्ट एकच, दोरीवरून अंगावर आणि अंगावरून दोरीवर. अंघोळ उद्या. आणि उद्या आला की पुन्हा उद्या. यात त्यांना काही दुःख वगैरे होतंय असंही नव्हतं. फक्त कशासाठी करायचं, ते आठवत नव्हतं.

कपात सुरू झाल्यावर काही दिवसांनी दाराची घंटा वाजली. घंटा वाजते हेच काका विसरले होते, त्यामुळे त्यांनी आधी फोन उचलून कानाला लावला. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. चपला धुळीनं माखलेल्या, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र.

“मी पाणीखात्यातून आले.”

“मीटर बिघडलाय का?”

“नाही हो. काका, तुमचा पहिला नंबर आलाय!”

“कशात?”

“अहो, कमीत कमी पाणी वापरण्यात. सगळ्या विभागात तुमच्याइतकं कमी पाणी कोणीच वापरलेलं नाही. आत येऊ का?”

ती आत आली आणि खुर्चीत बसली. ती खुर्ची बायकोची होती. तिच्यात कोणी बसल्याला किती दिवस झाले ते काकांना सांगता आलं नसतं. पाणीबाईनं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

“किती टापटीप ठेवलंय!” ती म्हणाली. “आता सांगा, कसं जमवता? मला उद्याच्या निरोपात घालायचंय. लोकांना उदाहरण लागतं. नुसतं जपून वापरा, जपून वापरा म्हणून माझी बोटं दुखायला लागलीत.”

काका खरं सांगणार होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण खरं सांगितलं असतं तर बाई पेन बंद करून उठली असती.

“भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना घालतो,” ते म्हणाले.

“वा! कुठंयत झाडं?”

काकांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. “दिली. शेजाऱ्यांना.”

“का?”

“पाणी वाचवायला.”

बाई खळखळून हसली. काकांनाही थोडं हसू आलं. मग तिनं त्यांचा फोटो काढला. जाता जाता दारात थबकून म्हणाली, “एक विचारू? रोज ‘बरं’ म्हणून लिहिणारे तुम्हीच ना? हाच नंबर आहे.”

“उत्तरं वाचतं का कोणी?”

“मी वाचते. बाकी सगळ्या शिव्याच असतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या प्रत्येक फोनवर काकांचा चेहरा होता. दुपारपर्यंत गल्लीनं त्यांचं नामकरणही करून टाकलं. थेंबेकाका. आणि माणसं यायला लागली.

आधी समोरच्या इमारतीतल्या दोन जावा आल्या. मग वसतिगृहातल्या मुली आल्या, मग एक शिक्षिका अख्खा वर्ग घेऊन आली. सगळ्यांचा प्रश्न तोच. काकांकडे सांगायला काहीच नव्हतं. पण बायका आल्या की आपल्याच युक्त्या सांगायच्या, आणि काका आयुष्यभर ऐकायलाच शिकले होते. थोरल्या जावेनं सांगितलेलं ते वसतिगृहातल्या मुलींना सांगायचे, मुलींचं शिक्षिकेला. कपडे विसळलेलं पाणी संडासाला वापरायचं. भांडी आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. दात घासताना नळ बंद ठेवायचा. लोक माना डोलवायचे. एकजण तर लिहून घेऊन गेला.

आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? काकांनी चहाची पूड आणली. फळीवरच्या कपबशा खाली काढल्या, त्यांच्यावर बोटभर धूळ होती. त्या धुवायला गेले तर स्वयंपाकघरातला नळच फिरेना, इतका गच्च बसला होता. शेवटी पक्कड लावून फिरवला. आधी खाकरल्यासारखा आवाज आला, मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. काका हातात कप घेऊन जरा वेळ तसेच उभे राहिले.

मग माणसं बसणार म्हणून फरशी पुसली. फरशी पुसल्यावर पडदे कळकट दिसायला लागले म्हणून ते धुतले. शिक्षिका येणार म्हणून अंघोळ केली आणि मग रोजच करायला लागले. धाकटी जाऊ एकदा जेवणाच्या वेळेला आली आणि ओट्यावरचा पाव बघून म्हणाली, “हे काय, आज स्वयंपाक नाही?” काकांनी त्या दिवशी ‘आज बरं नाही’ म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी मात्र भात लावला. तो पातेल्याला असा चिकटला की पातेलं भिजत घालावं लागलं. पण वरचा भात खाण्यासारखा होता. ताटात वाढून, बसून खाल्ला.

महिना संपला आणि फोनवर निरोप आला. पण हा सगळ्यांसाठी नव्हता, त्यांच्या एकट्यासाठी होता. ‘आपला पाणीवापर अचानक वाढला आहे. गळतीची शक्यता आहे. तपासणीसाठी कर्मचारी येईल.’

काकांना चोरी पकडल्यासारखं झालं. प्लंबर आला. गुडघ्यावर बसून त्यानं सगळे सांधे पाहिले, टाकीत हात घातला, भिंतीला कान लावला.

“गळती नाही,” तो म्हणाला. “घरात माणसं किती?”

“एक.”

“पाहुणे?”

“येतात.”

प्लंबरनं काकांनी दिलेल्या चहाकडे पाहिलं. “मग हीच गळती,” तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

दोन दिवसांनी पाणीबाई स्वतः आली. त्याच खुर्चीत बसली. घर बदललंय हे तिनं पाहिलं. पडदे, कपबशा, गॅसवरचं पातेलं.

“काका, रागवायला नाही आले. तुमचा वापर वाढून वाढून तरी चारचौघांपेक्षा कमीच आहे. पण आधी इतका कमी होता, आणि आता... मला कळेना झालंय. काय झालं?”

काकांनी सांगितलं. पावाचं, कागदाचं, एका शर्टाचं. नळाला पक्कड लावल्याचं. शेजाऱ्यांना दिलेल्या, मुळात नसलेल्या झाडांचं. सांगताना ते तिच्याकडे न बघता पातेल्याकडे बघत होते.

“मी काही वाचवत नव्हतो,” ते म्हणाले. “मी नुसता दिवस काढत होतो.”

“आणि मी अख्ख्या शहराला सांगितलं, यांच्यासारखं राहा म्हणून,” बाई म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत!”

“विचारायला हवं होतं. एवढ्याशा पाण्यात माणूस राहतो कसा, एवढं तरी.” तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. “रोजच्या निरोपातून तुमचा फोटो मला आता काढून टाकावा लागेल. नियम आहे. वाईट वाटून घेऊ नका.”

“छे, छे,” काका म्हणाले. पण वाईट वाटलंच.

निरोपात नवा फोटो आला, पाच माणसांच्या एका हसऱ्या कुटुंबाचा. लोक आता त्यांच्याकडे जायला लागले. काकांकडे दोन दिवस कोणी आलं नाही, मग चार दिवस. जावांपैकी धाकटी एकदा आली, पण चुकून आपल्याकडे आलेलं त्यांचं विजेचं बिल द्यायला, आणि दारातूनच परतली. काकांनी आधण ठेवलेलं होतं. त्यांनी एकट्यापुरता चहा केला आणि बाकीचं पाणी झाकून ठेवलं. संध्याकाळी ते घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. आता घर स्वच्छ होतं, त्यामुळे रिकामं जास्त दिसायचं.

रविवारी मुलीचा फोन आला.

“काय जेवलात?”

“भात आणि भोपळ्याची भाजी.”

“कोणी केली?”

“मी.”

मग तिनं हळूच विचारलं, “बाबा, मग आधी काय खात होतात?”

“आवाज तुटतोय गं तुझा,” काका म्हणाले. आवाज तुटत नव्हता.

एक सोपी गोष्ट होती, पुन्हा पावावर जायचं. ओट्यावर एकदा पाव आणून ठेवलाही होता त्यांनी. कागद पसरला. पण भूक भाताची लागली होती. त्यांनी पाव तसाच ठेवला आणि पाणीखात्यात फोन लावला.

“मॅडम, मी पहिला आलो तेव्हा दुसरं कोण आलं होतं?”

“का हो काका?”

“सहज.”

पाणीबाईला ते सहज नाही हे कळलं असावं. “एक बाई आहेत. एकट्याच असतात. मी गेले तर दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, फोटो नको, नाव नको.” ती थांबली. “पत्ता मला देता येणार नाही. पण त्यांनी होकार दिला असता तर निरोपात गेलंच असतं, की पाण्याच्या जुन्या टाकीसमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.”

“असतं ना,” काका म्हणाले. “पण गेलं नाही.”

“नाही गेलं.”

जुन्या टाकीचा थांबा त्यांच्याच मार्गावरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसनं गेले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. इमारतीला लिफ्ट नव्हती. वर पोचेपर्यंत छाती भरून आली. दाराला जाळी होती आणि आत अंधार. त्यांनी कडी वाजवली.

“कोण?” बाईचा आवाज आला.

“तुम्ही दुसऱ्या आलात ना, पाण्यात? मी पहिला आलो होतो.”

“मग?”

“अभिनंदन करायला आलो.”

“त्याला कितीतरी दिवस झाले.”

“हो, उशीरच झाला.”

जाळीपलीकडे एक उंच, करड्या केसांची बाई येऊन उभी राहिली. अंगावरचा स्वेटर उलटा होता. “मला युक्त्या नकोत,” ती म्हणाली. “आणि मला कोणाला सांगायच्याही नाहीत.”

“माझ्याकडे नाहीतच.”

आता पुढं काय बोलायचं ते काकांनी ठरवलंच नव्हतं. बोलायची पाळी नेहमी दुसऱ्याची असायची. ते जिन्याकडे वळले, पण पाय भरून आले होते.

“थोडं पाणी मिळेल का?”

ती आत गेली. बऱ्याच वेळानं ग्लास घेऊन आली, जाळीचं दार हात जाईल एवढंच उघडलं आणि ग्लास बाहेर दिला. काका उभ्यानं, घोटाघोटानं प्यायले. ती बघत होती.

“आणखी?”

तहान भागली होती. “हो,” काका म्हणाले.

दुसरा ग्लास आणताना तिनं पायानं एक स्टूल बाहेर सरकवलं. काका जिन्याच्या तोंडाशी त्यावर बसले, ती दाराच्या आत उभी राहिली.

“काय करायचात?” तिनं विचारलं.

“बस चालवायचो. ही समोरची, टाकीवरून स्टेशनकडे जाणारी.”

“ती नेहमी उशिरा यायची.”

“नेहमी नाही.”

“नेहमी. पावसात तर विचारूच नका. भिजून भिजून माझी कागदपत्रं खराब व्हायची.”

“रेल्वेचं फाटक बंद असायचं हो. मी काय उडी मारून जाणार?”

यावरून दोघांची बराच वेळ जुंपली. तिला वर्षं आठवत होती, काकांना फाटकाचा चौकीदार आठवत होता. मग ती एकदम थांबली, एवढं बोलल्यानं दमल्यासारखी. तिनं हात पुढं करून ग्लास मागितला. काकांनी उठून दिला. स्टूल आत सरकवून ती दार लावायला लागली.

“परवा येऊ का?” काकांनी विचारलं.

“कशाला?”

काका जिन्याच्या तोंडाशीच थांबले. आत कुठंतरी घड्याळ टिकटिकत होतं. तिनं दार अर्ध्यावर धरलं होतं आणि कपाळाला आठ्या घालून काहीतरी हिशेब करत होती.

“परवा आमच्याकडं पाणी नाही,” ती म्हणाली. “तेरवा या.”