नदीत बसणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली, एका बाजूला जरा झुकती. वेल्डरने मला घडवलं ते गच्चीवर बसण्यासाठी. पण शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला नदीवर नेलं. दिवसभर मशीन चालवून त्यांचे पाय सुजत. संध्याकाळी त्या मला उथळ पाण्यात मांडायच्या, पाय सोडून बसायच्या आणि कोणत्या गिऱ्हाइकाने पोट आत ओढून माप दिलं ते नदीला सांगायच्या. मावशींचे यजमान, म्हणजे काकाही यायचे, पण मला टेकून उभे राहायला. काय मान होता माझा!

मग वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. पाणी कधी जांभळं, कधी हिरवं. मावशींच्या पायांना खाज सुटली. माझे पाय तर पाण्याच्या रेषेपर्यंत गंजाने खाल्ले. माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर जुने टायर, शेजारी पाल. असो.

मावशींची भाची वकील. तिने फी न घेता कारखान्यावर दावा लावला आणि माझे कुरतडलेले पाय न्यायाधीशांना दाखवायचं ठरवलं. झालं! कोर्टात अशा अवतारात कशी न्यायची, म्हणून काकांनी आदल्या दिवशी माझे खड्डे पुट्टी भरून बुजवले आणि मला चकचकीत हिरवा रंग दिला. भाचीने कपाळावर हात मारला. मावशी काकांशी अवाक्षर बोलल्या नाहीत. जे सुनावायचं ते मला सुनावलं.

दावा लावायचा तर आधी स्वतःचं काय बिघडलं ते दाखवावं लागतं, नाहीतर कोर्ट पुढचं ऐकतच नाही. कोर्टात कारखान्याच्या वकिलांनी मला निरखलं. खुर्ची तर नवरीसारखी नटली आहे, म्हणाले. मग मावशींकडे वळले.

"हल्ली नदीवर जाता?"

"नाही."

"जातच नाही, तर तुमचं काय बिघडलं?"

मावशींनी चष्मा पुसला. "जाता येत नाही, हेच बिघडलं. खुर्ची रंगवून नवी झाली, साहेब. माझ्या पायांना कुठला रंग लावू?"

न्यायाधीशांनी मान डोलावली. दावा ऐकला जाईल, म्हणाले. खुर्चीला छाती नसते, तरी माझी फुगली.

निकाल मावशींच्या बाजूने लागला. पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही, आणि भाचीची फीसुद्धा कारखान्यानेच भरायची. कारखान्याचे वकील उसळले. भाचीने मावशीकडून कसली फी घ्यायची, घरचंच काम ते!

"नातं घरचं असेल," न्यायाधीश म्हणाले, "काम सगळ्या नदीचं झालंय." अशा कामाने चूल पेटणार नसेल, तर पुढची नदी घेऊन कोण उभं राहील, असंही त्यांनी विचारलं. वकील खाली बसले. त्याच फीच्या बळावर भाचीने खालच्या वस्तीतल्या मासे पकडणाऱ्यांचा दावा हाती घेतला. त्यांच्याकडे द्यायला दमडी नव्हती.

पाणी नितळायला वेळ लागला. वेल्डरने माझे पाय कापून नवे जोडले, ते जरा आखूडच. आता मावशी बसल्या की कमरेपर्यंत भिजतात आणि दोष काकांना देतात.

मित्रांनो, मला जिन्याखाली जपू नका. ज्या पाण्यात रोज कुणीतरी पाय सोडून बसतं, त्या पाण्याची बाजू घेऊन बोलणारं माणूस असतं. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण टायरखाली पडली असेल. तिला बाहेर काढा, नदीवर न्या.

रंगवू मात्र नका.