टाकीमागची जागा

भुजंगरावांच्या हाताला चार बोटं जास्त द्यायची खोड होती. जुन्या जालन्यात त्यांचं साड्यांचं आणि कापडाचं दुकान. गजानं मोजून झालं की अंगठा आणखी पुढं सरकवायचा आणि मगच कात्री लावायची, ही वडिलांची शिकवण. त्या चार बोटांसाठी बाया अंबडहून एसटीनं येत आणि शेजारचे व्यापारी भुजंगरावांच्या नावानं बोटं मोडत.

असा हा सढळ माणूस बायकोपायी घरात समुद्र घेऊन बसला होता. कौसल्याबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि ते काही धड जुळलं नाही. लग्नापासून त्या दुकानात बसत आलेल्या. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून साडी काढायची, हे काम त्यांचं. आता त्यांची खाट मागच्या खोलीत पडली. गिऱ्हाइकाला आजारी माणूस दिसू नये म्हणून भुजंगरावांनी दुकान आणि खोलीमधल्या उघड्या कमानीत प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. बाई दिवसभर त्या प्लायवूडकडे बघत पडून राहू लागल्या. डॉक्टर म्हणाले, नजरेसमोर काहीतरी हलतं ठेवा.

टीव्ही ठेवला, तो बाईंनी बंद करायला लावला. मग माशांच्या दुकानवाला फकरोद्दीन आला आणि त्यानं समुद्रातल्या नारिंगी माशांचा फोटो दाखवला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला पाणी लागत होतं आणि जालन्यात तेच नव्हतं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि इकडे भुजंगराव खाटेसमोर काचेची टाकी मांडून, गाळलेल्या पाण्यात मुंबईचं मीठ कालवून तीन मासे पोसू लागले. लोक प्यायच्या पाण्याला महाग आणि शेठनं आहे तेही खारट केलं, म्हणून गल्ली पोट धरून हसली.

हसण्यापुरतं ठीक होतं. पण माशांची घाण पाण्यात विरघळून राहते आणि खाऱ्या टाकीचं पाणी वरचेवर बदलणं कुणाला परवडणार? पाणी गढूळ झालं. पाठोपाठ दोन मासे गेले. भुजंगराव धास्तावले. उरलेला मासा गेला तर ही पुन्हा प्लायवूडकडे बघत पडणार आणि ते त्यांना बघवलं नसतं.

फकरोद्दीननं स्किमर बसवायला सांगितलं. प्लॅस्टिकची उभी नळी असते, मोटार तिच्यात पाणी आणि हवा घुसळते, फेस वर चढतो आणि घाण घेऊन वरच्या वाटीत पडतो. गुऱ्हाळात कढईवरची मळी काढतात, तसंच. पण बसवायचा कुठं? टाकी विटांच्या पक्क्या कट्ट्यावर. एका अंगाला कपाट, दुसऱ्या अंगाला दार, पुढं खाट. मागं, टाकी आणि पार्टिशन यांच्यामध्ये, काय ती एक फट. फकरोद्दीनकडचे स्किमर एकेक घागरीएवढे. मुंबईत चपटे मिळतात, पण माप बराबर पाहिजे, असं तो म्हणाला. भुजंगरावांनी फटीत हात घालून अंदाज घेतला, मांजरपाटाची पट्टी कापली आणि त्याच्या हातात दिली.

मुंबईच्या बाजारात आठ दुकानं पालथी घालून फकरोद्दीननं स्किमर आणला. डावीकडून घालून बघितला, उजवीकडून बघितला, आडवा करून बघितला. जाईना. शेवटी त्यानं खिशातून पट्टी काढली आणि फटीला लावली. पट्टी चार बोटं बाहेर आली.

“शेठ, माप तुमचंच हाय,” तो म्हणाला. “म्या बराबर तेवढंच आणलं.”

भुजंगराव आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. दुसरा आणायचा तर आठवडा जाणार आणि मासा तर आत्ताच वर येऊन तोंड वासत होता. फकरोद्दीननं पार्टिशनवर टिचकी मारली आणि हे कापा म्हणाला. भुजंगरावांनी साफ नकार दिला. पलीकडं शालूंची फळी होती आणि दुकानाला भोक पाडून कुणी धंदा करतं का? तेवढ्यात मासा एका कुशीवर कलला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं शालू उचलले आणि सुताराला बोलावलं. पार्टिशनचा टाकीमागचा अख्खा तुकडाच निघाला. तिथं पडदा लावायचं ठरलं, पण स्किमरची वाटी दुकानाच्या बाजूनंच रिकामी करावी लागे, त्यामुळं पडदा राहून गेला.

वाटीत चहासारखं काळपट पाणी जमू लागलं. पाणी रोज निवळत गेलं, मासा सरळ पोहू लागला. कौसल्याबाई उशाला टेकून बसू लागल्या, सकाळी वेणीफणी करून घेऊ लागल्या. टाकीवरची त्यांची नजर हलत नसे. भुजंगराव खूश होते. डॉक्टरला जमलं नाही ते माशानं केलं, असं येईल त्याला सांगत सुटले.

एक दिवस हसनाबादची एक बाई लेकीला घेऊन तिच्या लग्नाची साडी घ्यायला आली. भुजंगरावांनी ढीग पाडला, पण तिला काही पसंत पडेना. तेवढ्यात टाकीपलीकडून आवाज आला.

“तिला त्यो मेंदी रंग नका दाखवू. सावळी हाय पोरगी. वरच्या फळीवरचं जांभळं काढा.”

माय-लेकी पाण्याकडे बघायला लागल्या. जांभळी साडी उलगडली आणि पोरीचा चेहराच खुलला. भुजंगराव उठून लगबगीनं आत गेले. पाणी किती स्वच्छ झालंय बघ, म्हणाले, आरपार दुकान दिसतंय.

“दिसतंय की,” कौसल्याबाई म्हणाल्या. “फकस्त त्यो मासा सारखा मधी येऊन राह्यला.”

भुजंगराव खाटेशी उभेच राहिले. मीठ, मासे, मुंबई, सगळं आठवलं आणि त्यातलं काहीच हिनं मागितलं नव्हतं, हेही आठवलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“बाहेर येतीस का, दुकानात?” त्यांनी विचारलं.

“पार्टिशन ठोकायच्या आधी इचारायचं व्हतं,” त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

बाहेर माय-लेकी अजून बसलेल्या होत्या. त्यांच्या देखतच भुजंगरावांनी हातोडी घेतली आणि पार्टिशनचा पहिला खिळा उपटला.