ठिपके कुणी आणले

आमच्या क्लबात कुणी कुणाला फुकट काही देत नाही. दिलंच, तर घेणाऱ्याने आधी उलटंपालटं करून बघावं.

मेपल गावातल्या या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबाची बैठक शाळेच्या हॉलात भरते. टाकीतल्या रोपांचे छाटलेले शेंडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्रत्येक जण आणतो, टेबलावर ठेवतो आणि जाताना दुसऱ्याची पुडी उचलतो. गेल्या वसंतात रूलोफने लोबेलियाच्या शेंड्यांची पुडी टेबलावर न ठेवता थेट माझ्या हातात दिली. वर हसला. रूलोफ आणि मी दरवर्षी पहिल्या नंबरासाठी एकमेकांच्या उरावर बसलेले. तो मला बघून हसतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

पुढच्याच आठवड्यात क्लबाच्या स्पर्धेची पहिली फेरी झाली. परीक्षक घरोघरी जातात, कॉफी घेतात, टाकीचं पाणी तपासतात, गुण देतात. ती आटोपली आणि लगेच एका सकाळी माझा एक कार्डिनल मासा वाळूवर अंग घासताना दिसला. संध्याकाळी त्याच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

"गेर्बेन, इकडे ये. हे बघ."

माझा नवरा चष्मा कपाळावर चढवून आला. "बुडबुडे असतील."

"बुडबुडे शेपटीला धरून फिरतात होय?"

"मग काय आहे?"

"रूलोफ आहे!"

"बरं झालं. ठिपक्यांचं बारसंही उरकलंस."

गेर्बेनला सगळ्यात विनोद दिसतो, कारण वाळू त्याला धुवायची नसते.

हा ठिपका म्हणजे जिवंत कीड. माशाच्या कातडीखाली असते तोवर कुठलंही औषध तिला शिवत नाही. पोट भरलं की गळून वाळूत पडते, तिथे फुटते आणि तिची शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पोहत सुटतात. मारायचं ते त्याच वेळी. दुकानदार म्हणाला, मीठ घाला. त्याच्या तोंडात घालावं असं वाटलं. माशांना चालणारं मीठ माझी रोपं कुजवतं, आणि माझी टाकी म्हणजे रोपंच. मी पाणी हळूहळू तापवत नेलं, ऊन पाण्यात मासे गुदमरू नयेत म्हणून हवेचा पंप जोडला, रोज नळीने वाळूवरचा गाळ ओढून काढला, पाणी बदललं. रूलोफचे शेंडे उपटून कचऱ्यात टाकले. तापल्या पाण्यात क्रिप्टोकोरीनची पानं शेवयांसारखी विरघळली. निम्मे मासे गेले. उरलेले स्वच्छ झाले, पण असे रोडावले की दुसऱ्यांदा ठिपके आले तर एकही वाचला नसता. म्हणून मला हवं होतं ते एकच: ठिपके आले कुठून? वाट सापडल्याशिवाय ती बंद कशी करायची?

वाट मला ठाऊक होती. बैठकीत सगळ्यांसमोर मी ती बोलून दाखवली.

"रूलोफ, तुझ्या पुडीतून आजार आला."

त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "माझ्या टाकीत एक मासा आजारी दाखव, सीट्स्के. मी तुझ्या घरी येऊन गुडघ्यावर बसून तुझी वाळू धुतो."

"तुझे सगळे ठणठणीत आहेत, तेच तर!"

"म्हणजे आजारी असते तरी मी चोर आणि धडधाकट आहेत तरी मीच चोर?"

हॉलात कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या पुड्या चाचपत होते. त्या दिवशी टेबलावरची एकही पुडी कुणी उचलली नाही. रूलोफने माझ्याशी बोलणं सोडलं.

शरद ऋतूत दुसरी फेरी आली. परीक्षक तेच, मेनेर ओस्टिंग, म्हणजे ओस्टिंग साहेब. फेरीचा क्रम मात्र दर वेळी एका घराने सरकतो, म्हणजे परीक्षक आपल्याचकडे थकून आले अशी रड कुणी करू नये. वसंतात आधी रूलोफ, मग क्लबातलाच बाउमा, मग मी. आता आधी बाउमा, मग मी, आणि रूलोफ शेवटी.

ओस्टिंग टाकीसमोर बसले. त्यांनी पिशवीतून क्लबाचा काचेचा चंबू काढला. माझं लक्ष त्याच्या तळाशी गेलं.

"मेनेर, हे पाणी कुठलं?"

"बाउमाचं राहिलं असेल. आता तुमच्या पाण्याने विसळून घेतो."

"आणि विसळलेलं पाणी ओतता कुठे?"

"टाकीतच की. तुमच्या लाकडी जमिनीवर सांडू का? इतकी वर्षं करतोय हे काम, एका घरात थेंब सांडला नाही माझ्या हातून."

"बाउमाचे मासे कसे आहेत?"

"ठिपके आहेत. वसंतातही होते. दोन्ही वेळा गुण कापले मी."

गुण कापले! आणि मग तेच पाणी घेऊन हा माणूस माझ्या दारात आला होता. मी चंबूच्या तोंडावर हात ठेवला.

"स्वयंपाकघरात चला. उकळत्या पाण्याने धुऊ."

"चंबू टाकीपासून दूर न्यायचा नाही. तुम्हीच लोकांनी करून घेतलाय हा नियम. आत नेऊन कुणी पाणी बदलेल म्हणे!"

"मग इथेच बादलीत विसळा."

"आणि उद्या कुणी विचारलं की बादलीत आधी काय होतं? नाही बाई. सगळ्यांना एकच पद्धत."

"मग तपासू नका."

"शून्य पडेल."

"पडू दे."

त्यांनी शून्य लिहिलं, कॉफी संपवली, बिस्किटाबद्दल आभार मानले आणि गेले. गेर्बेन म्हणाला, "तुझी टाकी वाचली ना? बस आता."

"इथून ते रूलोफकडे जाणार."

"त्याला फोन कर."

केला. रूलोफने माझा आवाज ऐकून ठेवून दिला. पुन्हा केला, तर उचलला नाही. मी सायकल काढली.

त्याच्या खिडकीला नेहमीप्रमाणे पडदा नव्हता. ओस्टिंग टाकीसमोर बसलेले दिसत होते, चंबू हातात. मी घंटी बडवली. रूलोफने दार अर्धंच उघडलं.

"त्यांना चंबू बुडवू देऊ नकोस. त्यात बाउमाचं पाणी आहे. ठिपके त्यातूनच आले. तुझी पुडी नव्हती, रूलोफ."

"हो का? आज आठवलं? नेमकं आज?"

"आज दिसलं म्हणून आज सांगतेय."

त्याने मान वळवून विचारलं, "मेनेर, हिला किती मिळाले?"

"शून्य. तपासणी नाकारली त्यांनी."

रूलोफ माझ्याकडे वळला. मग हसला. वसंतात हसला होता तसा नाही. तेव्हा तो नुसता हसला होता, एवढं मला आत्ता कळलं.

"स्वतःला शून्य पडलं म्हणून मलाही पाडायचं? वा, सीट्स्के! आधी म्हणे माझी पुडी, आता म्हणे परीक्षकांचा चंबू. उद्या कोण?"

"अरे, बादलीत विसळ म्हण फक्त! गुण गेले चुलीत, तुझे मासे मरतील!"

"माझ्या माशांची काळजी तुला कधीपासून?"

मी दार ढकललं. त्याने पाय आडवा लावला. त्याच्या खांद्यावरून मला टाकी दिसत होती. अख्ख्या तालुक्यात तसे मासे नाहीत.

"विसळा, मेनेर," तो मागे न बघता म्हणाला. "नेहमीसारखं. नियमाने."

ओस्टिंगनी चंबू बुडवला, गोल फिरवला आणि थेंबही न सांडता परत टाकीत रिता केला. खाणं पडलं असं समजून रूलोफचे सगळे मासे वर आले.