रस्ता बंद

नोटबुर्गाची बॅग भरून तयार होती आणि त्याच सकाळी दरीतला रस्ता बंद झाला. रात्रभर बर्फ पडला होता. वरच्या उतारावरचा बर्फ कधीही कोसळेल म्हणून खाली फाटक टाकलं होतं.

न्याहारीच्या खोलीत पाहुण्यांनी टाळ्याच पिटल्या. ऑफिसला जायला नको, वर स्की-लिफ्टच्या उतारांवर गुडघाभर ताजा बर्फ! स्कीचे बूट खडखडवत सगळे बाहेर पळाले.

"बुर्गी, सगळे राहतायत. सूप जास्त कर," भाऊ गेबहार्ट आनंदाने म्हणाला.

आईवडिलांमागे हे पाहुणेघर दोघं भावंडं चालवत होती. हिवाळा लागला की नोटबुर्गाची खोली पाहुण्यांना जाई. मग कोठीघरात, पिठाच्या पोत्यांशेजारी, तिची खाट पडे. लहानपणी तिला त्याची गंमत वाटायची. आता ती बावन्न वर्षांची होती. खाली फेल्डकिर्श गावात तिने एक खोली भाड्याने घेतली होती, बेकरीत कामही ठरवलं होतं. गेबहार्टला सांगायचं मात्र रोज राहून जाई.

ते त्याला पाहुणीकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी टेरहोर्स्टबाई ओले मोजे वाळत घालायला कोठीजवळ गेल्या आणि येऊन सहज म्हणाल्या, "तुमची बहीण सुट्टीवर निघालीय वाटतं? बॅग केवढी मोठी!"

गेबहार्ट स्वयंपाकघरात आला. "कुठे निघालीस?"

"फेल्डकिर्शला. राहायला."

तो हसला. "सीझनमध्ये? डोकं फिरलंय तुझं. वसंतात बोलू."

"दरवर्षी वसंतातच बोलतो आपण."

"मग जा की! चालत जाणार? फाटक बंद आहे." हे मात्र तो हसत म्हणाला नाही.

ती कणकेचे गोळे वळत राहिली. खिडकी अर्धी बर्फाखाली गेली होती. बाहेर पाहुणे ओरडत, पडत, हसत होते.  तिने दार उघडलं तर पायऱ्यांवर पुन्हा बर्फ साचलेला. तिने फावडं घेतलं आणि वाट काढत राहिली. मागे वाट पुन्हा भरत होती.

चौथ्या दिवशी दुपारी थोड्या वेळासाठी फाटक उघडणार असल्याचं कळलं. टेरहोर्स्टबाई गाडीत सामान कोंबत होत्या. नोटबुर्गा बॅग घेऊन उभी राहिली. "मला खाली सोडाल?"

"अहो, बसा ना!"

गेबहार्ट उंबऱ्यात उभा होता. तिने हात हलवला. त्याने हलवला नाही.

मागच्या सीटवर, स्कीच्या पट्ट्या मांडीवर घेऊन ती अंग चोरून बसली. बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग थांबली. पुढचं काही दिसेना. आत्ता परत फिरा म्हणाले तर?

तिचा फोन वाजला. "संध्याकाळी येशील ना?" गेबहार्टचा आवाज बारीक होता.

"नाही रे."

"नवे पाहुणे येतायत. तुझ्या खोलीत कुणाला घालू?"

"कुणालाही घाल, गेबहार्ट. ती आता माझी नाही."

मग तो म्हणाला, "पोचलीस की कळव."

रांग हलली. टेरहोर्स्टबाईंनी दिवे लावले, आणि गाडी बोगद्यात शिरली.