सातवी कमान कुठून मोजायची

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका नोकरीत तो कधी वर्षभर टिकला नाही. गेली दहा वर्षं मात्र ड्रोन उडवून लग्नांचे व्हिडिओ काढतोय. दुसऱ्यांच्या लग्नात का होईना, स्थिरावला एकदाचा.

आमचे बाबा कालव्यावरचे गवंडी. कालवा नदीवरून पलीकडे नेणारा बारा कमानींचा दगडी पूल त्यांनी तीस वर्षं सांभाळला. वरून कालव्याचं पाणी, खालून नदी, आणि मधल्या दगडांचे सांधे चुन्याने भरायचे बाबांनी. पुलाला दीडशे वर्षं होणार म्हणून कालव्याच्या कचेरीने जुन्या कामगारांच्या नावांची पाटी लावायचं ठरवलं. बाबांनी ही बातमी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितली. डॉक्टरांना तर तोंडात यंत्र असताना सांगितली.

आणि पंधरा दिवसांत पत्र आलं. सातवी कमान गळत आहे, नोंदवहीनुसार ती आपण दुरुस्त केली होती, सबब पाटीवरून आपले नाव वगळण्यात येत आहे.

मी म्हटलं, "बाबा, चला, भांडून येऊ."

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "जुना पूल, गळायचाच."

एका मुळ्यावरून भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस असं म्हणतो? माझं डोकंच फिरलं. भिंगरी म्हणाला, "ड्रोन आहे ना माझ्याकडे! दाखवतोच त्यांना बाबांचं काम." बाबा नको नको म्हणत राहिले. पण ऐकतंय कोण!

रविवारी आम्ही दोघं पुलाखाली गेलो. आम्ही बोलावलेले कचेरीचे साहेबही आले. भिंगरीने पुलाची अगदी नवरीच करून टाकली. आधी झुडपामागून ड्रोन हळूच वर, मग सावकाश प्रदक्षिणा, मग लांबून जवळ. मी ओरडले, "अरे मेल्या, कमानी दाखव! पूल लाजणार आहे का?" साहेबांनाही त्याने सोडलं नाही. "सर, मान जरा डावीकडे. हं, छान!" साहेबांनी मान डावीकडे केली आणि बिचारे तसेच उभे राहिले.

शेवटी ड्रोन एकेका कमानीखाली शिरला. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसं, पाणी पुलावर येतं त्या टोकापासून मी मोजत गेले. सातवी कमान ठणठणीत कोरडी! कोपऱ्यातल्या चुन्यात बाबांचा अंगठा उमटलेला. काम पुरं झालं की तेवढी एक खूण ते ठेवायचे.

"ही सातवी नाही हो," साहेब म्हणाले. "ती पलीकडची."

साहेब मोजत होते रस्त्याकडून, जिथे त्यांची जीप थांबते तिथून. त्यांची सातवी म्हणजे आमची सहावी, आणि ती धो धो गळत होती. मला नाचावंसं वाटलं. "मग ती कोणी भरली?"

"त्याची नोंद नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर व्हिडिओ लावला. सहावी कमान पडदाभर आली. चुन्यात अंगठा नव्हता, एक बदाम कोरलेला होता. त्यात दोन अक्षरं. एक 'भिं'. भावजय चष्मा लावून पुढे सरकली. दुसरं अक्षर तिच्या नावातलं नव्हतं.

भिंगरी पांढराफटक पडला. अठरा वर्षांपूर्वी बाबांचा पाय मोडला, तेव्हा महिनाभर त्यांच्या जागी हाच पठ्ठ्या पुलावर गेला होता!

"बंद करा तो टीव्ही," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?" भिंगरीने विचारलं.

"साहेब लोक जीपकडून मोजतात, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोराने वाट लावली म्हणून? माझं नाव पाटीवर नसलं तर काही बिघडत नाही रे. तुझं नाव खराब होऊ नये."

मला रडू आलं, आणि दोघांचाही असा राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने अख्खा व्हिडिओ बदामासकट कचेरीत नेऊन दिला आणि म्हणाला, "चूक माझी. मीच दुरुस्त करतो." बाबांचं नाव पाटीवर परत आलं. कालवा बंद ठेवला तेव्हा भिंगरी चार दिवस सहाव्या कमानीखाली शिडीवर होता. बाबा खाली खुर्चीत बसून ओरडत होते, "अरे, चुना आहे तो, केकवरचं क्रीम नाही!" शिडी भावजयीने धरली होती. ती जरा हलली तरी भिंगरीला घाम फुटायचा.

शेवटच्या दिवशी तो वरून म्हणाला, "बाबा, ओला चुना खाली आणू? अंगठा उमटवून द्या, वर बसवतो."

"तुझं काम," बाबा म्हणाले, "तुझाच अंगठा लाव."

भिंगरीने अंगठा लावला आणि कमानीकडे तोंड करून तिथेच थांबला. भावजयीला राहवेना. "अहो, काय कोरताय परत?"

"काही नाही गं," वरून आवाज आला. "रडतोय."