उंबऱ्याखालचा पालथा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा वाडगा आहे. पण मला ताकाचा वाडगा समजलात तर मी बोलणारच नाही. माझ्या पोटात तळापासून काठापर्यंत गोल गोल मंत्र लिहिला आहे आणि मधोमध बेड्या घातलेली हडळ काढली आहे. आमच्या इराकातल्या निप्पूर गावात असे वाडगे उंबऱ्याखाली पालथे पुरत, म्हणजे घरात शिरणारं वाईट खाली अडकून बसावं. कितीकांवर नुसत्या रेघोट्याच असत. माझ्यावर खरी अक्षरं आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

कुंभाराकडून मला माहदुख्तने टिचक्या मारून, पारखून आणलं. तिची लहानगी अहात तापाने फणफणत होती. ताप एक दिवस उतरे, दुसऱ्या दिवशी चढे. पोर खजूरही तोंडात धरीना.

गावात असे वाडगे लिहून देणाऱ्या हुनाभाऊंनी माझ्यावर मंत्र लिहिला आणि नावाशी लेखणी थांबवली. आमच्याकडे मंत्रात माणूस आईच्या नावाने ओळखतात. बाप कोण ते लोक सांगतात, आई कोण ते दाई सांगते!

"अहात, कोणाची लेक?"

"हे काय विचारणं झालं? माझी."

"पोटची ना, वहिनी? नाव खोटं पडलं तर ताप म्हणेल, ही पोर दुसरीच कुणी. आणि मंत्र चुकवून खऱ्या पोरीला धरून बसेल."

माहदुख्तच्या जिभेची गावाला धास्ती. पण आज तिने मला अर्धवट लिहिलेलाच उचलला आणि घर गाठलं.

अहात तिच्या पोटची नव्हती. कालवा आटला त्या वर्षी चटया विणणाऱ्या सीसीनने आपली तान्ही पोर तिच्या पदरात घातली होती. अहातला हे ठाऊक नव्हतं. आता सीसीनचं नाव घ्यावं तर पोर हातची जाणार, न घ्यावं तर जिवानिशी जाणार.

माहदुख्तला बसवेना. मला चुलीपाशी ठेवी, लगेच उचली, रांजणावर ठेवी, दारापर्यंत जाऊन परत येई. मीच भोवंडलो. माझ्या पोटातली हडळसुद्धा चुळबुळ करू लागली. शेवटी अहात ग्लानीत म्हणाली, "आई, पाणी." माहदुख्तने तिला पाणी पाजलं, शेजारणीला उशाशी बसवलं, मला काखोटीला मारलं आणि तडक सीसीनच्या झोपडीत शिरली.

"अहातच्या मंत्रात तुझं नाव लिहायचंय."

सीसीन विणायची थांबली नाही. "इतकी वर्षं माझी सावली पोरीवर पडू दिली नाहीस. आज बरी आठवण झाली!"

"झाली. टोमणे पोर बरी झाल्यावर मार. मी ऐकून घेईन."

"तू? ऐकून घेशील?" सीसीनला रडता रडता हसू फुटलं. "मग चल, एवढं बघायलाच हवं."

हुनाभाऊंनी लिहिलं, 'अहात, सीसीनची लेक'. ते लेखणी ठेवणार तोच माहदुख्त गरजली, "पुढे लिहा. आणि माहदुख्तची."

"वहिनी, अशी रीत नाही."

"मी उशाशी जागले ते कुठल्या रीतीने? लिहा! एकीला चुकवलं तर दुसरी उभी आहे, हे त्या तापालाही कळू दे."

"लिहा हो," सीसीन म्हणाली, "नाहीतर ही मलाच पुरेल उंबऱ्याखाली."

मला पुरलं आणि ताप उतरला. तो आपणहून उतरला असेल, तर ते मला कोणी सांगू नये.

पोर हिंडू लागल्यावर माहदुख्तने स्वतःच तिला सगळं सांगितलं. अहात उठून सीसीनकडे निघून गेली. माहदुख्त उंबऱ्यावर, माझ्या डोक्यावर, उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. उन्हं कलली तरी ती हलेना. मग धावती पावलं आली.

"आई, ती म्हणते तुझी भाकरी करपते. उद्या तिच्याकडे जेवू?"

"जेव," माहदुख्त म्हणाली. "झोपायला मात्र इथे यायचं."

मग कुठे ती खाली बसली.

पुढे घर पडलं, गाव ओस पडलं. शेकडो वर्षांनी जुनी गावं खणणाऱ्यांनी मला बाहेर काढलं. आता संग्रहालयात काचेच्या कपाटात मी उताणा पडलो आहे आणि मला चैन नाही. वर कोणाची पावलं नाहीत. उजेडाने शाई उडत चालली आहे. सीसीनचं नाव अजून दिसतं, माहदुख्तचं फिकटलं आहे. मित्रांनो, तेवढा दिवा जरा लांब धरा, ओला हात लावू नका. दोन्ही नावं जपा. एकीचं पुसून दुसरीचं उरलं, तर ती पोर अर्धीच उरेल.