माझं बटण टोकाला गेलं तेव्हा

मित्रांनो, टीव्हीच्या खालच्या फळीवर जी रुंद, जड, चंदेरी तोंडाची पेटी दिसते ना, तो मी. नाव स्टिरिओ रिसीव्हर; वय विचारू नका. घरी येणारी मुलं मला बघून "हे काय आहे?" असं विचारतात आणि उत्तर मिळायच्या आत माझी बटणं फिरवायला लागतात. फिरवा बापडे, माझी ना नाही. पण याच बटणांपैकी एकापायी या घरात केवढं रामायण झालं ते एकदा ऐकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी जरा बेताने फिरवाल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या होत्या, आणि माझ्या पोटातली एकेक तार त्यांनी तापलेल्या सळईने डाग देऊन जोडली. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझं आवाजाचं गोल बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, स्पीकरला कान लावला आणि "जाऊ दे" म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

माझं काम समजायला सोपं आहे. रेडिओ तेवढा माझ्या पोटातच आहे, पण बाकी माझ्याजवळ स्वतःचं असं काही नाही. कोणीतरी मागच्या भोकांतून बारीक आवाज आणून द्यायचा आणि मी तो मोठा करून दोन स्पीकरांकडे धाडायचा. चांगला आणून दिला तर चांगला मोठा होतो, रडका आणून दिला तर रडकाच मोठा होतो. यात माझा काय दोष? पण हे लोकांना पटत नाही. शेवटी आवाज माझ्याकडून निघतो, म्हणून खापर माझ्याच डोक्यावर फुटतं.

मला घरी आणलं बाबांनी. तेव्हा ते अजून कोणाचे बाबा झाले नव्हते. कापड गिरणीत ते जॉबर होते, म्हणजे अडलेले, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. नोकरी कायम झाली त्या आठवड्यात ते मला छातीशी धरून जिना चढून आले. आई दारातच म्हणाली, एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे? पण संध्याकाळी माझ्याशी जोडलेल्या प्लेअरवर रेकॉर्ड लागली तेव्हा तीच सगळ्यात जवळ येऊन बसली.

बाबांची बरेचदा रात्रपाळी असायची. ते दिवसा झोपायचे आणि आई घरभर आवाज कमी करत फिरायची. भांड्यांचा, दाराच्या कडीचा, पुढे दादा आणि ताई झाले तेव्हा त्यांचा, आणि माझा तर हमखास. जाता येता माझं बटण थोडं मागे. बाबा उठले की डोळे चोळत माझ्याकडे यायचे आणि बटण पुन्हा पुढे सारायचे. दोघांपैकी कोणीच त्यावर कधी एक शब्द बोललं नाही. मला वाटतं, अशी घरं बरीच असतील.

मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेल्या माणसाचे कान मंद होतातच. बाबांचेही झाले. गिरणीतली माणसं समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात, तशी त्यांनाही सवय लागली. घरात सगळेजण त्यांच्याशी समोर येऊन बोलायचे. त्याचं कोणाला फार वाईटही वाटत नव्हतं, कारण ते हळूहळू झालं होतं.

पुढे रेकॉर्ड गेल्या, कॅसेट आल्या, त्याही गेल्या. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर चढवलं. एका बाजूला सुटकेस, दुसऱ्या बाजूला मोडका पंखा. सुटकेस अधूनमधून प्रवासाला जाऊन यायची आणि आल्यावर मला भाव द्यायची नाही. पंखा बिचारा कधी बोललाच नाही. खोटं कशाला बोलू, त्या वर्षांत मला फार वाईट वाटायचं.

मग घरात तो भिंतीवरचा पातळ टीव्ही आला. दिसायला देखणा, पण त्याचे स्पीकर पाठीला. म्हणजे चित्र दाखवतो माणसांना आणि बोलतो भिंतीशी. बाबा सोफा पुढे ओढायचे, मान वाकडी करायचे, शेवटी कंटाळून उठायचे. तेव्हा दादाला माझी आठवण झाली. त्याने मला खाली उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं, माझ्या जाळीतून मेलेलं झुरळ काढलं (हे सांगायला नको होतं) आणि बाजारातून एक वायर आणली. तिच्या एका टोकाला इअरफोनसारखी एकच पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढऱ्या अशा दोन. एकच पिन त्याने टीव्हीच्या इअरफोनच्या भोकात खुपसली आणि लाल, पांढरी माझ्या पाठीत.

पण भोक चुकलं ना! रेकॉर्डच्या सुईचा आवाज अगदी नखाएवढा असतो, म्हणून तिच्या भोकात मी आवाज आधीच कितीतरी वाढवून घेतो. तिथे टीव्ही जोडल्यावर काय होणार? बातम्या देणारा माणूस पिंपात बसून ओरडतोय असं वाटायला लागलं. आईने कानांवर हात ठेवले. दादाने माझ्या पाठीमागे डोकं घालून पिना शेजारच्या साध्या भोकांत घातल्या आणि कुठल्या भोकातला आवाज घ्यायचा हे ठरवणारं पुढचं बटण तिकडे वळवलं. मित्रांनो, मग असा स्वच्छ आवाज आला म्हणता! बाबा सोफ्यावर टेकून बसले. नट काय बोलतोय हे त्यांनी कोणालाही न विचारता ऐकलं, आणि विनोदाला सगळ्यांच्या बरोबरीने हसले. आधी ते सगळे हसल्यावर हसायचे. माझा ऊर भरून आला.

आता नीट लक्ष द्या, कारण गोची इथेच झाली. इअरफोनच्या भोकातून टीव्ही मला किती आवाज देणार, हे त्याच्या स्वतःच्या आवाजावर ठरतं. टीव्हीचा आवाज वर असेल तर मला भरपूर मिळतो, खाली असेल तर थेंब थेंब. म्हणजे या घरात आवाजाची बटणं आता दोन झाली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या हातातलं तेच खरं. टीव्हीचा रिमोट आईच्या हातात. जाहिराती बोंबलायला लागल्या की ती पटकन कमी करायची. पुन्हा वाढवायची नाही, कारण कमी आवाज ही तिच्या हाताची जुनी सवय, आणि वाढवायला बाबा आहेतच. बाबांना रिमोटचं काही कळत नव्हतं. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे माझं गोल बटण. ते उठून मला थोडं पुढे सारायचे. आई तिकडून कमी, बाबा इकडून जास्त. असं करत करत टीव्ही तळाला गेला आणि मी टोकाला.

बटण टोकाला गेल्यावर पुढे जायला जागाच उरली नाही. त्यानंतर आईने केलेली कमी ही खरीच कमी. शिवाय थेंबभर आवाज वाढवता वाढवता मी पोटातली घरघरही वाढवून पाठवू लागलो. मी तरी काय करणार? ओरडून सांगता येत नाही, तेव्हा घुमत राहिलो. दादा आता वेगळा राहायचा, अधूनमधून यायचा. त्याला वाटलं, संपलं, याचे दिवस भरले. रविवारी येऊन भंगारवाल्याला देऊन टाकतो, असं तो सरळ माझ्यासमोर म्हणाला.

बाबांनी माझी बाजू घेतली. पण कशी घेतली ते ऐका. ते म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही. तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय ना? माझेच कान गेलेत."

त्यानंतर ते टीव्हीसमोर बसेनासे झाले. जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन पडायचे. कोणी हाक मारली तर झोपल्याचं सोंग करायचे. माझ्यावरचा आळ त्यांनी स्वतःवर घेतला, याचं मला फार लागलं.

अशातच ताईचा फोन आला. ताई दुसऱ्या शहरात एका बातम्यांच्या वाहिनीत नोकरी करत होती. इतके दिवस ती बातम्या लिहून द्यायची आणि वाचायचे दुसरेच. आता सोमवारी दुपारच्या बातम्या ती स्वतः वाचणार होती, पहिल्यांदाच. आईला सांगून झाल्यावर तिने फोन बाबांना द्यायला लावला आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, बाबा, ऐकाल ना? बाबा म्हणाले, ऐकतो की! फोन ठेवल्यावर मात्र आईला म्हणाले, "तुम्ही ऐका आणि मला सांगा काय म्हणाली ते. मी तिचे ओठ बघेन. तेवढं पुरे मला."

दुसऱ्याच दिवशी आई त्यांना धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आले तेव्हा दोघंही गोंधळलेले. डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत बसवून नीट तपासलं होतं आणि सांगितलं होतं, की गेल्या तपासणीला कान जसे होते तसेच आहेत, काडीचाही फरक नाही. फरक पडला असेल तर घरात पडला असेल.

बाबांनी सोफ्यावर बसून माझ्याकडे एकदा बघितलं. मग उठले, बाह्या सारल्या. कितीतरी दिवसांनी मला त्यांच्यातला जॉबर दिसला. गिरणीत कापड खराब निघालं तर नवशिका माणूस कापडाशीच झटत बसतो. जॉबर तसं करत नाही. सूत जिथून सुटतं तिथे जातो आणि सुताबरोबर चालत मागापर्यंत येतो. बाबा इतके दिवस कापडाशी झटत होते, म्हणजे माझ्याशी. आता ते टीव्हीपाशी गेले. पिन हलवून बघितली, घट्ट होती. वायर बोटांतून सोडत सोडत माझ्या पाठीपर्यंत आले. ती कुठे तुटली नव्हती. मग आईला म्हणाले, टीव्हीचा आवाज किती आहे ते दाखव.

आईने रिमोट दाबला. पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली. पार तळाशी, एवढीशी.

आईचा चेहरा उतरला. "अगं बाई, मीच कमी करत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, आवाज स्टिरिओतून येतोय तर टीव्हीचा कशाला हवाय."

बाबा रागावले नाहीत. तिने रिमोट वर करायला घेतला तसा तिचा हात मात्र धरला. आधी माझं बटण त्यांनी पार मागे आणलं, कारण चालत्या मागात हात घालायचा नसतो. तसंच टीव्ही वाढवला असता तर मी असा फुटलो असतो की शेजारी जिन्यात धावत आले असते. मग टीव्ही चांगला वर, आणि शेवटी मी, हळूहळू. घरघर कुठल्या कुठे गेली. माझं बटण अजून निम्म्यावरही आलं नव्हतं, तोच बाबा म्हणाले, बस, बस, फार झाला.

मग दोघं हसली. बाबा म्हणाले, "तू कमी करायचीस, मी वाढवायचो. लग्न झाल्यापासून हेच चाललंय आपलं." आई हसता हसता रडायलाच लागली. रिमोटच्या आवाजाच्या बटणावर बाबांनी चिकटपट्टी लावून टाकली.

सोमवारी दुपारी दादा कामावरून सुट्टी घेऊन आला. तिघं सोफ्यावर बसली. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि पडद्यावर ताई आली. निळा कोट, केस मागे बांधलेले. मी जीव ओतून तिचा शब्द न् शब्द खोलीत आणला, खोटं नाही सांगत. पाण्याच्या बातम्या, रस्त्याच्या बातम्या, कुठल्याशा निवडणुकीच्या. आईचे डोळे वाहत होते. दादा मोबाइलवर चित्र घेत होता. बाबा मात्र तिच्या ओठांकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बातम्या संपल्या. दादा म्हणाला, मुरलेल्या बाईसारख्या वाचल्या बातम्या. आई म्हणाली, किती खणखणीत आवाज लागला पोरीचा. बाबांनी आता कुठे डोळे उघडले. आईने त्यांच्यासमोर येऊन विचारलं, ऐकू आलं ना तुम्हाला?

"आलं," बाबा म्हणाले. "तिला सर्दी झालीय."

दादा हसला. कुठली सर्दी? एकदाही खोकली नाही, शिंकली नाही. आईलाही काही जाणवलं नव्हतं. तेवढ्यात ताईचाच फोन आला. तिने दुसरं काही विचारलं नाही, पहिला प्रश्न हाच की बाबांना ऐकू आलं का. आई म्हणाली, अगं, ते म्हणतायत तुला सर्दी झालीय.

पलीकडून ताई म्हणाली, "सकाळपासून आहे गं. इथे स्टुडिओत कोणाला कळू दिली नाही मी." आणि फोनवरच हुंदके देऊन रडायला लागली.

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी 'मला ऐकू येत नाही' म्हणून उठून आत जायला लागलं, तर त्याला जाऊ देऊ नका. माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र घुमायला लागलं, तर त्यालाही लगेच भंगारात काढू नका. आवाज जिथून निघतो तिथपासून चालत या आणि कुठे अडलाय ते बघा. तोवर त्या माणसाला सोफ्यावरच आपल्याशेजारी बसवून ठेवा.